बाटलीतले पाणी आणि वाहते पाणी : दाभोळच्या खाडीतून प्रागच्या पाऱ्यापर्यंत

दाभोळ म्हटले की इतिहासप्रेमींना बहमनी काळातले गजबजलेले बंदर आठवते, डिसेंबर १५०८ मध्ये फ्रान्सिस्कु द आल्मेदाने केलेला विध्वंस आठवतो, पैलतीरावरचा अंजनवेलचा गोपाळगड आठवतो. आजचा थ्रेड त्याच खाडीचा आहे. पण यात तोफा नाहीत, तह नाहीत. यात आहे एक काचेची बाटली, एक धातूचा सूक्ष्म तुकडा आणि एक प्रश्न : वाहून गेलेल्या पाण्याची साक्ष कोण देणार?

आधी भूगोल. सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूणवरून पश्चिमेला येते. खेडहून जगबुडी येऊन तिला मिळते. पुढे हे पाणी खाडी होऊन दाभोळपाशी अरबी समुद्राला भेटते. खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गालगत, लोटे-परशुराम ही औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधांचे कच्चे घटक, कीटकनाशके असे उद्योग तिथे आहेत. त्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात येते आणि तिथून बंद वाहिनीने करंबवणे येथे खाडीत सोडले जाते.

खाडीकाठच्या मच्छीमारांची, त्यात भोई समाज मोठा, तक्रार आता काही दशकांची झाली आहे. पाण्याचा रंग पालटतो, उग्र दर्प येतो, मेलेली मासळी तरंगते, जाळी रिकामी येतात. तक्रार होते. माणूस येतो. बाटली भरतो. बाटली प्रयोगशाळेत जाते.

आणि इथेच ग्यानबाची मेख आहे.

कोकण किनाऱ्यावर दर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी भरती येते. पहाटे पागात मेलेली मासळी आली आणि दुपारी कोणी बाटली घेऊन काठावर उतरले, तर मधल्या वेळात खाडीचे पाणी निदान एकदा आत-बाहेर होऊन गेलेले असते. उधाणाची भरती असेल तर पुसून टाकण्याचे काम अधिकच चोख. शिवाय वाशिष्ठीला आणखी एक घड्याळ बांधलेले आहे. कोयनेचे पाणी सह्याद्री पोखरून पोफळीच्या वीजगृहात उतरते आणि चक्रे फिरवून झाल्यावर वाशिष्ठीत येते. विजेची मागणी वाढली की नदीत गोडे पाणी वाढते. म्हणजे खाडीच्या एकाच जागचे पाणी चंद्राप्रमाणे बदलते आणि महाराष्ट्रातल्या विजेच्या मागणीप्रमाणेही बदलते. अशा पाण्याची एक बाटली म्हणजे धावत्या आगगाडीच्या खिडकीतून काढलेले एक छायाचित्र. छायाचित्र खोटे नसते. पण मधल्या स्थानकावर काय घडले ते त्यात दिसत नाही.

मग वाहत्या पाण्यातच एखादा पहारेकरी बसवता येतो का? रसायनशास्त्राने या प्रश्नाला दिलेले सर्वांत जुने आणि आजही चालणारे उत्तर विजेचे आहे. पण तिथे पोहोचण्यापूर्वी बाटलीचा मान राखला पाहिजे, कारण एकेकाळी बाटली हीच क्रांती होती.

१८८८ साली हंगेरीचा लायोश विंकलर पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रीत घेऊन आला. अडचण अशी की नमुना घेतल्यावरही बाटलीतले जीवाणू प्राणवायू खातच राहतात, झाकण उघडे राहिले तर बाहेरचा प्राणवायू आत शिरतो. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पाणी ‘ते’ पाणी उरत नाही. विंकलरने काठावरच बाटलीत मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायला सांगितले. प्राणवायू मँगनीजला चिकटतो, तपकिरी साका खाली बसतो. पुढे सवडीने आम्ल घालून, सुटलेले आयोडीन मोजून मूळ प्राणवायूचा हिशेब लावायचा. विंकलरने पाण्याचा एक क्षण गोठवला. आजही प्रयोगशाळा इतर रीतींची शहानिशा या रीतीने करतात. सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेली अशी रीत विरळाच.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नद्या गटारे झाल्या होत्या. १८९८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने सांडपाण्याचा घातकपणा मोजण्यासाठी ‘जैविक ऑक्सिजन मागणी’ हे माप रूढ केले : बाटली बंद करून पाच दिवस ठेवायची आणि तेवढ्या काळात किती प्राणवायू खाल्ला गेला ते पाहायचे. भारताने आपल्या उष्ण हवेनुसार ते तीन दिवस आणि २७ अंश सेल्सिअस असे केले. अंतर्गत जलाशयात सोडायच्या सांडपाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि सागरी किनारी पाण्यात सोडायच्या सांडपाण्याला १०० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा आपल्या पर्यावरण नियमांत आहे. माप उत्तम. पण निकाल तीन दिवसांनी हाती येतो. तोवर दाभोळच्या खाडीत पाच-सहा भरत्या येऊन गेलेल्या असतात.

आता विजेकडे वळू.

तत्त्व साधे आहे. द्रावणात दोन विद्युतअग्रे बुडवायची आणि त्यांच्यात ठरावीक वीजदाब ठेवायचा. द्रावणातला एखादा रेणू त्या दाबाला इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, आणि तेवढा प्रवाह तारेतून वाहतो. रेणू जास्त, प्रवाह जास्त. कोणता रेणू कोणत्या दाबाला वश होईल हे त्याच्या स्वभावावर ठरते. म्हणून दाब बदलून आपण कोणाला हाक मारायची तेही ठरवू शकतो. पदार्थ आणि वीज यांचे हे प्रमाण फॅरडेने १८३० च्या दशकातच सिद्ध केले होते. मग त्याचे मोजमापाचे यंत्र व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे का लागली?

मळ. उत्तर इतके गद्य आहे.

घन धातूचे विद्युतअग्र द्रावणात राहिले की त्याच्यावर थर बसतो. पहिला आकडा खरा, दहावा संशयास्पद, शंभरावा निरर्थक. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात यारोस्लाव हेयरोव्स्की याने हा पेच पाऱ्याने सोडवला. काचेच्या केसासारख्या नळीतून पाऱ्याचे थेंब टपकत राहतात. प्रत्येक थेंब हे एक नवे, निष्कलंक विद्युतअग्र. मळायला वेळच मिळत नाही. १० फेब्रुवारी १९२२ रोजी त्याने या थेंबांवर वीजदाब वाढवत नेत प्रवाहाच्या नोंदी केल्या. १९२४ मध्ये मासुझो शिकाता या जपानी सहकाऱ्याबरोबर त्याने हे काम आपोआप करणारे, आलेख स्वतः काढणारे यंत्र तयार केले. आलेख स्वतः नोंदवणाऱ्या रासायनिक विश्लेषणाच्या पहिल्या यंत्रांमध्ये त्याची गणना होते. १९५९ मध्ये हेयरोव्स्कीला नोबेल पारितोषिक मिळाले.

पण लक्षात घ्या, हेयरोव्स्कीच्या यंत्रात पारा वाहत होता, द्रावण स्थिर होते. द्रावणालाही वाहते केले ते वॉर्सातील व्हिक्टर केमुला याने. रंगद्रव्ये, आम्ले यांसारखी मिश्रणे एका स्तंभातून गाळत नेली की त्यांचे घटक एकामागोमाग बाहेर पडतात. या रीतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. बाहेर पडणारा द्रव थेंबाथेंबाने वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत गोळा करून तपासण्याची प्रथा होती. म्हणजे पुन्हा बाटल्याच, फक्त छोट्या. केमुलाने १९५२ मध्ये स्तंभाच्या तोंडाशी पाऱ्याचे विद्युतअग्रच बसवले. द्रव वाहत राहिला आणि घटक येईल तसा प्रवाह उंचावत-उतरत गेला. विद्युतरासायनिक शोधकाचा, म्हणजे ज्याला आज प्रयोगशाळांत सर्रास ‘डिटेक्टर’ म्हणतात त्याचा, वाहत्या द्रवातील जन्म इथे धरायला हरकत नाही.

यानंतरची कथा एका शल्यक्रियेच्या खोलीकडे जाते, आणि मला ती साऱ्या प्रवासातली सर्वांत देखणी वाटते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात लेलंड क्लार्क हा संशोधक हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात प्राणवायू मिसळणारे यंत्र घडवत होता. यंत्र चालत होते. पण बाहेर पडणाऱ्या रक्तात नेमका किती प्राणवायू आहे हे दाखवता आल्याशिवाय त्यावर विश्वास कोण ठेवणार? उघडे प्लॅटिनम रक्तात घातले की प्रथिनांचा थर बसून ते आंधळे होई. पुन्हा तोच मळ! क्लार्कने प्लॅटिनम आणि चांदीची दोन्ही विद्युतअग्रे एकत्र ठेवून त्यांच्या तोंडावर पॉलिथिनचा पातळ पडदा ताणला. पडद्यातून प्राणवायू झिरपतो, प्रथिने बाहेर राहतात. १९५४ मधली ही युक्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या साध्या पॉलिथिनची आपण पिशवी करतो, त्याच पदार्थाने वाहत्या रक्ताचे माप शक्य केले.

ही सळई लवकरच रुग्णालयातून नदीकाठी आली. विंकलरला काठावर रसायने घालून बाटली जपावी लागे. आता सळई पाण्यात बुडवली की काट्यावर आकडा. हीच कल्पना पुढे नेत क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये पडद्यामागे विकर ठेवून साखर मोजण्याची रीत सुचवली. आजीच्या कपाटातल्या रक्तशर्करेच्या यंत्राचे घराणे तिथून सुरू होते.

क्लार्कच्या सळईचा एक स्वभाव या थ्रेडच्या मुख्य मुद्द्याशी जोडलेला आहे. ती प्राणवायू मोजताना तो खाते. पाणी स्थिर असेल तर पडद्यालगतचा प्राणवायू संपत जातो आणि आकडा खोटाच खाली घसरतो. म्हणून कोळंबीच्या तळ्यावर काम करणारा माणूस ही सळई पाण्यात हळूहळू हलवत राहतो. बाटलीला वाहते पाणी अडचणीचे. या शोधकाला मात्र वाहते पाणीच हवे. प्रवाह सतत नवे रेणू आणून देतो, म्हणून वाचन स्थिर राहते. रत्नागिरीत १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, १९८१ पासून शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. विरघळलेला प्राणवायू हे तिथल्या विद्यार्थ्यांचे रोजचे माप. तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी, कारण रात्रभर शैवालही श्वसन करत असते. दुपारी भरलेली बाटली तळे सुखी असल्याचे सांगते. पहाटेची सळई कोळंबी गुदमरत असल्याचे सांगते. दोघीही खऱ्या.

प्रयोगशाळेत मात्र शोधकाने वेगळीच उंची गाठली. कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्स याला मेंदूतली डोपामीनसारखी रसायने मोजायची होती. ती अत्यल्प असतात, पण इलेक्ट्रॉन सहज देतात. १९७३ मध्ये पीटर किसिंजर, अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी द्रव-क्रोमॅटोग्राफीसाठी एक चपटा कक्ष मांडला. दोन ठोकळ्यांमध्ये कागदासारखी पातळ चकती, तिच्यात कापलेली अरुंद वाट, वाटेच्या भिंतीत कार्बनचे विद्युतअग्र. द्रवाची पातळ चादर त्यावरून सरकते आणि पिकोग्रॅमच्या पातळीवरचे पदार्थ ओळखू येतात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पाऱ्याची जागा कार्बनने घेतली. नाहीतरी ज्या पाऱ्याला सांडपाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपलीकडे मज्जाव आहे, त्याच पाऱ्याने पाणी तपासणे थोडे चमत्कारिकच होते.

१९७५ चा शोध तर थेट रसायन कारखान्यातला. अमेरिकेच्या डाऊ कंपनीत हॅमिश स्मॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांना पाण्यातले क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट असे आयन वेगळे करून मोजायचे होते. आयन असले की पाणी वीज वाहते, तेव्हा विद्युतवाहकता मोजणे हा सरळ मार्ग. पण आयनांना स्तंभातून ढकलण्यासाठी जे द्रावण वापरतात तेही वीज वाहते, आणि तेही जोरात. ढोल वाजत असताना बासरी ऐकण्याचा प्रकार! त्यांनी पहिल्या स्तंभापाठी दुसरा स्तंभ जोडला. तो ढकलणाऱ्या द्रावणाचे रूपांतर जवळजवळ वीज न वाहणाऱ्या पदार्थात करतो. ढोल थांबला, बासरी ऐकू आली. नदी, विहीर, पाऊस यांच्या पाण्यातले आयन तपासण्याची ही आज रुळलेली रीत आहे.

म्हणजे १९७० च्या दशकाच्या मध्यावर जगाकडे वाहत्या द्रवाची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारी साधने होती. नेमक्या याच दशकात आपण पाण्याचे कायदे करत होतो. आणि आपण कायदा लिहिला तो बाटलीसाठी.

महाराष्ट्राला इथे शाबासकी दिली पाहिजे. जलप्रदूषणाविरुद्धचा राज्याचा स्वतःचा कायदा १९६९ चा; ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम आला १९७४ मध्ये. त्यातले २१ वे कलम नमुना कसा घ्यावा ते सांगते. अधिकाऱ्याने जागेवर नोटीस द्यायची, कारखानदाराच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्यांवर खूण करायची, मोहोर लावायची, दोघांनी सही करायची, मग एक भाग प्रयोगशाळेकडे पाठवायचा. हा क्रम पाळला नसेल तर त्या तपासणीचा निकाल कोणत्याही कायदेशीर कार्यवाहीत पुरावा म्हणून ग्राह्य नाही.

हे कलम वाईट नाही. उद्या कोणीही भलत्याच डबक्यातली बाटली आणून कोणावरही खटला भरू नये, यासाठी ते हवेच. पण त्याचा दुसरा अर्थ पाहा. कायद्याच्या नजरेत घटना घडते ती बाटली भरली जाते तेव्हाच. रात्री वाहून गेलेले पाणी मोहोरबंद करता येत नाही, त्याच्यावर दोघांच्या सह्या घेता येत नाहीत. मच्छीमाराने पहाटे पाहिलेला रंग, घेतलेला वास, हातात आलेली मेलेली बोय यांना त्या कलमात जागा नाही.

बदल आला तो फेब्रुवारी २०१४ मध्ये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना सांडपाण्याची सतत मोजणी करणारी यंत्रे बसवून आकडे थेट मंडळांच्या संगणकाकडे पाठवण्याचे निर्देश दिले. आम्लता मोजणारी काचेची सळई त्यात आलीच. तिचे मूळ हाबर आणि क्लेमेन्सिएव्हिच यांच्या १९०९ च्या कामात, आणि तिला सहज वापरण्याजोगे यंत्र मिळाले १९३४ मध्ये, ते कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. ऑक्सिजन मागणीसाठी बहुधा अतिनील प्रकाशाचे संवेदक वापरतात. विजेचे आणि प्रकाशाचे असे संयुक्त पथक असते.

मग प्रश्न सुटला का? मला तसे वाटत नाही, आणि कारणे याच इतिहासात दडलेली आहेत.

पहिले कारण तोच सनातन मळ. प्रागमध्ये दर थेंबाला नवे विद्युतअग्र मिळत होते. सांडपाण्याच्या नळात बसलेल्या सळईवर मात्र तेल, शेवाळ, क्षार यांचे पुट चढत राहते. ती नियमाने धुवावी लागते, ठाऊक असलेल्या द्रावणात बुडवून तिचा आकडा जुळवून घ्यावा लागतो. न धुतलेली सळई बंद पडत नाही. ती शांतपणे, आत्मविश्वासाने चुकीचा आकडा पाठवत राहते.

दुसरे, शोधक हाक मारलेल्यालाच ओळखतो. आम्लता, वाहकता, प्राणवायू ठीक असूनही एखादे कीटकनाशक माशाला मारू शकते. त्याला ओळखायचे तर आधी स्तंभातून वेगळे काढावे लागेल, त्याच्या स्वभावाला साजेसा शोधक निवडावा लागेल. ते काम अजून प्रयोगशाळेचेच आहे. म्हणजे पुन्हा बाटली. फरक पडू शकतो तो इतकाच की वाहकतेचा किंवा प्राणवायूचा आलेख अवेळी हलला, तर बाटली कधी भरायची ते कळेल. उद्या दुपारी नव्हे, आज रात्री अडीच वाजता.

तिसरे कारण जागेचे. नियमानुसार यंत्र बसते ते प्रक्रिया केंद्राच्या मुखाशी, वाहिनीत शिरणाऱ्या पाण्यावर. मासा राहतो त्या वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला, खाडीत, जिथे तेच पाणी कधी कोयनेच्या गोड्या पाण्यात मिसळते, कधी भरतीच्या खाऱ्या पाण्यात, आणि भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ मंदावली की बराच काळ तिथेच घोटाळत राहते. खाडीच्या पाण्यात आज डोल लावणाऱ्याला हे वेळापत्रक पाठ असते. कोणत्या तिथीला, कोणत्या वळणावर पाणी साचते हे त्याला कोणत्याही आलेखाविना सांगता येते. सळया कुठे बुडवायच्या हे ठरवायचे झाले, तर त्यालाच पहिल्यांदा विचारावे लागेल.